बाकावर बसलेल्याचे शून्य गोल

"मॅडम, ही यादी पाठवण्याआधी तुम्ही बघितली होती का?" महांतेशने माइक बंद करून मला विचारलं. स्क्रीनवर युरोपातल्या एका फुटबॉल क्लबचा माणूस हाताची घडी घालून बसला होता.

"नाही. बघितली असती तर जाऊ दिली असती का?"

यादीत पहिल्या नंबरवर एका चिमुकल्या देशाच्या लीगमधला खेळाडू होता. सगळ्यांत जास्त गोल त्याचे, म्हणून तो पहिला. वासरात लंगडी गाय शहाणी! गोल मोजले होते, ते कुणासमोर मारले हे कुणी बघितलंच नव्हतं.

मी धारवाडच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं. महांतेश माझाच विद्यार्थी. बेंगळूरची नोकरी सोडून त्याने हुबळीत कोप्पीकर रोडला, साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर, खेळांच्या आकड्यांचं ऑफिस काढलं. आम्ही पाच माणसं. रिटायर झाल्यावर घरी बसून मी सगळ्यांच्या चुका काढत होते, तेव्हा त्याने मला तिथं नेऊन बसवलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते खातं विनायक अण्णांचं. ते इथल्या मैदानांवर वीस वर्षं रेफ्री होते.

क्लबने आमची परीक्षाच घेतली होती. जुन्या सीझन्सची फाइल पाठवली होती. नावं काढून टाकलेली, प्रत्येक खेळाडूला फक्त नंबर. फाइलच्या शेवटी वेगवेगळ्या देशांतले टॉप स्कोअरर होते. हे सगळे पुढच्या सीझनला एका मोठ्या लीगमध्ये गेले. तिथं कुणी जास्त गोल केले असतील, क्रमाने पाच नंबर सांगा, असा प्रश्न. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. बरोबर आलं तर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. चुकलं तर काय, ते महांतेशने आधीच सांगून ठेवलं होतं, "मार्चनंतर शटर खाली. मी परत बेंगळूरला."

क्लबचा माणूस म्हणाला, "शुक्रवारी पुन्हा पाठवा. शेवटची संधी." आणि स्क्रीन काळी झाली.

"अय्यो देवरे!" महांतेशने डोकं धरलं.

विनायक अण्णांनी उपाय सुचवला. "मोठ्या लीगचे गोल दुप्पट धरायचे, मधल्यांचे दीडपट, लहानांचे आहेत तेवढेच."

"दुप्पटच का? पावणेदोन पट का नाही?"

"तशी पद्धत आहे, मॅडम."

"पद्धत तर लग्नात रुसायचीसुद्धा आहे."

मला पेपर तपासणीचे दिवस आठवत होते. एक परीक्षक सढळ हाताचा, दुसरा अर्ध्या मार्कासाठी जीव टाकणारा. कोण किती कडक हे कसं ठरवायचं? काही पेपर दोघांकडूनही तपासून घ्यायचे. पेपर तोच, मग मार्कांतला फरक परीक्षकाचा. लीग म्हणजे परीक्षकच की! जे खेळाडू दोन लीगमध्ये खेळले, ते आमचे दोनदा तपासलेले पेपर. तोच माणूस इकडे किती गोल करतो आणि तिकडे किती, यावरून कुठली लीग किती अवघड ते कळणार.

दोन दिवस आम्ही असे खेळाडू वेचत बसलो. बुधवारी माझं गणित पुरं झालं. काय मिजास होती माझी! सगळ्यांना बोलावून मी फळ्यावर आकडे मांडले. मोठी लीग लहान लीगपेक्षा इतकी अवघड निघाली की तिथं गोल होतात तरी कसे असं वाटावं.

विनायक अण्णांनी उठून एका नंबरवर बोट ठेवलं.

"ह्याचे मोठ्या लीगमध्ये शून्य गोल धरलेत?"

"फाइलमध्ये शून्यच आहेत."

"मॅडम, तो खेळला कुठं? सीझनभर बाकावर बसलाय बघा की. मोठ्या क्लबमध्ये नवीन माणसाला कोण लगेच खेळवतं?"

मी फाइल पुन्हा उघडली. मैदानावरची मिनिटं शेवटच्या कॉलममध्ये होती. जेमतेम अर्धा तास. असे आणखी कितीतरी निघाले.

माझे कान तापले. परीक्षेला न आलेल्या मुलापुढे शून्य लिहिलं म्हणून मी एकदा क्लार्कला अख्ख्या स्टाफरूमदेखत झापलं होतं. "गैरहजर आणि शून्य यातला फरक कळत नाही?" आणि आता मीच तेच करून वर फळ्यावर मिरवत होते. खरं सांगते, लाज वाटली.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले आणि फळा पुसला.

महांतेश माझ्याकडे बघतच राहिला. वर्गात हे वाक्य त्याने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग सगळं मिनिटांवर मांडलं. फुटबॉलवाले याला 'पर नाइंटी' म्हणतात, म्हणजे पूर्ण नव्वद मिनिटं खेळला तर सरासरी किती गोल. जे फारच थोडं खेळले त्यांना गैरहजर ठरवून बाजूला काढलं. कोण ठेवायचा, कोण काढायचा, हे विनायक अण्णांनी ठरवलं. मी निमूटपणे ऐकलं. पहिली चार नावं, म्हणजे नंबर, पक्के झाले. पाचव्यापाशी घोडं पेंड खाऊ लागलं. त्याच्या लीगमधून बाहेर गेलेले खेळाडू तीनच. तीन पेपरांवर परीक्षक जोखता येत नाही. मी खाली स्पष्ट लिहिलं, पाचव्याची आम्हाला खात्री नाही.

"हे कशाला, मॅडम?" महांतेश कळवळला. "क्लायंटला आपणच सांगायचं, आम्हाला येत नाही म्हणून?"

"जेवढं येत नाही तेवढंच सांगतेय. पाठव."

शुक्रवारी दुपारी तोच माणूस स्क्रीनवर आला. "पहिले चार बरोबर, क्रमासकट. पाचवा चुकलाय." जरा थांबून म्हणाला, "त्याची खात्री नाही असं तुम्हीच लिहिलं होतंत. बाकी कुणीच लिहिलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट पाठवतो."

महांतेशने खुर्चीतच उडी मारली आणि माझ्या पाया पडायला धावला. मी त्याला विनायक अण्णांकडे वळवलं. छाती भरून आली होती, ती लपवायला मी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली. आजही त्या शुक्रवाराची आठवण आली की मान ताठ होते, आणि बुधवारची आली की जागेवर येते.

गिरमिट खाताना विनायक अण्णांनी डोळे मिचकावत विचारलं, "मॅडम, मला किती मार्क?"

"पैकीच्या पैकी."

"आणि तुम्हाला?"

"मी हजर होते," म्हटलं, "तेवढं लिहा."