रेडिएटरमागची चार बोटं

इडलीचं पीठ रेडिएटरवर ठेवायची कल्पना माझ्या नवऱ्याची. शिकागोच्या थंडीत पीठ काही केल्या फुगत नाही. आमचं भाड्याचं अपार्टमेंट डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या जुन्या विटांच्या इमारतीत, आणि खिडकीखाली ओतीव लोखंडाचा, वाफेवर तापणारा रेडिएटर. आयती ऊब. पीठ फुगलं, इतकं फुगलं की पातेल्याबाहेर येऊन मागच्या भिंतीवरून ओघळलं. यानं पुढून दिसेल तेवढं पुसलं. मागचं हिवाळाभर भाजत राहिलं आणि करपलेल्या डोशासारखं भिंतीला चिकटून बसलं.

मीही चालवून घेतलं. मग सासूबाईंचं तिकीट आलं.

माझे वडील मिरजेत सायकली दुरुस्त करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी लपवत नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगते. सासरी मात्र आजोबांपासून सगळे पदवीधर, सासूबाई पुण्यात मुख्याध्यापिका होत्या. लग्न ठरलं तेव्हा त्या माझ्या आईसमोर म्हणाल्या, "शिकलेली आहे, हुशार आहे. वळणही लागेल हळूहळू." माझी आई हसली. ते तिचं कसनुसं हसणं मला अजून सहन होत नाही. आता त्या माझ्याच घरी तीन महिने राहणार होत्या. बोट ठेवायला जागा मिळू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

"रेडिएटरच्या मागे कोण बघतंय यार?" नवरा म्हणाला.

"तुझी आई बघेल."

"तिचे गुडघे दुखतात. ती वाकणारच नाही."

"माझी चूक काढायची असली की वाकतील."

शनिवारी सकाळी उलथनं घेऊन खरवडायला बसले. पापुद्रा निघाला, पण रंगाचे पोपडे घेऊन. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी. आता रंगवण्यावाचून सुटका नव्हती. दुकानात गेलो तर पांढऱ्याच रंगाच्या पट्ट्यांची भिंत. मी म्हटलं, साधा पांढरा द्या. दुकानदार म्हणाला, कोणता साधा? शेवटी नवऱ्यानं एका पट्टीवर बोट ठेवलं. "हा सेम आपल्या भिंतीसारखा आहे, बघ."

भिंत आणि रेडिएटर यांच्यात अंतर चार बोटं. हात जात नाही. ब्रश जातो, पण आत वळत नाही. मी उलथन्याला नवऱ्याचा जुना लोकरी मोजा गुंडाळला, रबरबँड लावला आणि गाल जमिनीला टेकवून आडवी झाले. नवरा खुर्चीत बसून टॉर्च धरत होता. म्हणजे माझ्या डोळ्यांवर धरत होता.

निम्मं झालं आणि पाइप ठणठण वाजायला लागले. पहिला थंडीचा दिवस होता, इमारतीचा बॉयलर नेमका तेव्हाच सुरू झाला. रेडिएटरची चावी बंद करायला गेले तर तिच्यावर भाडेकरूगणिक चांदीच्या रंगाचा एकेक थर चढलेला. ढिम्म हलेना. मी इमारत सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला.

"काय म्हणाला?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणाला, चिंता नको, हीट सुरू झालीय."

मोजा रेडिएटरला चिकटला. लोकर जळल्याचा वास सुटला. खिडक्या उघडल्या, आम्ही गारठलो, रेडिएटर मात्र फुसफुसत राहिला. कसंबसं संपवून मागे सरकले आणि पाहिलं, तर रेडिएटरमागचा पट्टा दुधासारखा पांढरा, आणि बाकीची भिंत आमच्या फोडण्यांच्या धुरानं पिवळी पडलेली. ती पिवळी आहे हे तोवर कुणाला दिसलंच नव्हतं.

"आधी बरं होतं," नवरा म्हणाला.

रविवारी अख्खी भिंत रंगवली.

सासूबाई आल्या. फ्रिज पाहिला, कपाटं पाहिली, पडद्यांना छान म्हणाल्या. रेडिएटरकडे ढुंकून पाहिलं नाही. मी येता-जाता खिडकीचा पडदा मुद्दाम बाजूला सारत होते. काही उपयोग नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर सासूबाई रेडिएटरपाशी जमिनीवर. गुडघे बिनतक्रार वाकलेले. लाटण्याला ओलं फडकं गुंडाळून त्या मागे कोचत होत्या. वर रेडिएटरवर माझं मोठं पातेलं, काठोकाठ, आणि पीठ भिंतीवरून निवांत खाली उतरत होतं.

"थोडंसंच सांडलंय गं," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"आई, आता पीठ ओव्हनमध्ये ठेवतो आपण. आतला दिवा लावून."

"मला तर तो म्हणाला, रेडिएटरवर मस्त फुगतं."

म्हणणारच.

"आणि ते तुझं मोजा लावलेलं उलथनं कुठंय? लाटणं काही पोचत नाही."

"उलथन्याचं तुम्हाला कसं माहीत?"

"फोनवर सांगितलं ना त्यानं. तू कशी आडवी पडून रंगवत होतीस ते. कॉलिंग कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत हसत होतो आम्ही."

म्हणजे मी दोन दिवस जमिनीवर लोळून जे झाकलं, ते यानं आईला आधीच साग्रसंगीत ऐकवलं होतं. आतल्या खोलीत नवरा झोपला होता, किंवा शहाणा असल्यामुळे झोपल्यासारखा पडला होता.

मी कपाटातून उरलेल्या रंगाचा डबा काढला, उलथन्याला नवा मोजा चढवला आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. "आधी नीट पुसून घ्या. मग लावा."

त्यांनी पुसलं. लावलं. रेडिएटर तापलेला, त्यामुळे रंग जागच्या जागी वाळून फराटे उठत होते. ते होणार हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या सरळ बसल्या. "जमलंय का गं?"

मी वाकले, गाल जमिनीला टेकवला आणि नीट पाहिलं. फराटे होते. डावा कोपरा राहिला होता.

"लागेल वळण हळूहळू," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. उलट उत्तर देणाऱ्या मुलीकडे वर्गात बघत असतील तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

मग त्यांनी मोजा पुन्हा डब्यात बुडवला आणि राहिलेला कोपरा करायला घेतला.