सामान आधी, माणसे नंतर

पहाटे साडेपाचला भाऊच्या धक्क्यावर मी सामान मोजले. यादीत सतरा नग होते, धक्क्यावरही सतरा होते. माणसे चार होती, ती मोजण्याची गरज वाटली नाही. पुढे जे घडले तेही ह्याच क्रमाने घडले.

कुलाबा जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीला आत एक लहान फाटा फुटतो. त्याच्या टोकाशी डोंगर आहे आणि डोंगरावर एक लाकडी बंगली. आमच्या ह्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांच्या वडिलांनी, जंगलाचा ठेका होता त्या दिवसांत, ती बांधली. आता ती ओळखीच्यांना चार दिवस राहायला मिळते. चावी देताना ते गृहस्थ "वर काही मिळत नाही" एवढेच सांगतात. त्या एका वाक्यावर मी तीन पाने यादी केली.

महिला मंडळाच्या सहली मी आठ वर्षे काढते आहे, तेव्हा थोडे अधिकाराने सांगते. डोंगरावर बिऱ्हाड नेऊन राहायचे असेल तर तिथे भांडी आहेत का हे विचारावे, आणि "आहेत" असे उत्तर आले तरी आपली न्यावीत. पुरुषांना काय आणू असे विचारू नये, ते "काही नको" म्हणतात आणि तिथे पोचल्यावर दाढीचा आरसा मागतात. तारीख पंचांग पाहून ठरवावी. मी पाहिले होते. नाताळच्या सुट्टीत शुद्ध एकादशी येत होती. पहिल्याच दिवशी उपास असला की त्या दिवशीची चूल वाचते, साबुदाणा भिजवून डब्यात घेतला की झाले. शिवाय पुढे चार रात्री चांदणे, म्हणजे रॉकेल कमी. इतका काटकसरीचा मुहूर्त मला पूर्वी कधी सापडला नव्हता.

यादीच्या चार प्रती कार्बन लावून काढल्या आणि प्रत्येकाला एक दिली. माझ्या प्रतीत शेवटी एक कलम जास्त होते: "कुसुम व माधवराव ह्यांना बोलते करणे."

कुसुम माझी धाकटी बहीण, माधवराव तिचे यजमान. घरात ती दोघे आणि माधवरावांची आई. दिवाळीनंतर कुसुमला नाशिकच्या एका मुलींच्या शाळेतून पत्र आले, जूनपासून शिक्षिका म्हणून रुजू व्हावे म्हणून. तेव्हापासून, म्हणजे दीड महिना, ती दोघे एकमेकांशी बोलत नव्हती. का, हे कोणीच सांगत नव्हते. शाळेला होय की नाही ते नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कळवायचे होते. माधवराव जा म्हणत नव्हते, जाऊ नकोस म्हणत नव्हते. कुसुम म्हणे, "मी काय भिंतीला विचारून जाऊ?" चार दिवस डोंगरावर, आजूबाजूला कोणी नाही, अशा ठिकाणी माणूस किती वेळ गप्प बसेल, असा माझा हिशेब होता.

लाँच सुटली आणि वारा लागू लागला.

"ताई, ह्यांना सांग, मफलर पिशवीत आहे," कुसुम म्हणाली. माधवराव तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"माधवराव, मफलर पिशवीत आहे."

"ताई, तिला सांगा, थंडी नाही."

"कुसुम, थंडी नाही."

इंजिनाच्या आवाजात हे सगळे ओरडून सांगावे लागत होते. रेवस येईपर्यंत माझा घसा बसला. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढून एकदा विचारले, "तू मधे बसली नसतीस तर?"

"तर माधवरावांना गारठा झाला असता," मी म्हटले.

रेवसला एस.टी. तयार होती. टपावर सामान चढवताना कंडक्टरने लग्नाचे वऱ्हाड कुठे निघाले म्हणून विचारले. अलिबाग गेले, मग माडांच्या आणि सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता इतका अरुंद झाला की झावळ्या टपावरच्या आमच्या वळकट्यांना घासत होत्या. अकराच्या सुमाराला रेवदंडा आले. बंदरावर दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते, कपडे घालतो तसे ओळीने. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी इथे तोंडाने श्वास घ्यावा. आम्हाला घरी सगळे चालते, पण त्या दिवशी एकादशी होती, म्हणून मी तोंडानेच घेत होते.

होडी आधीच पत्र पाठवून ठरवली होती. धर्मा नाखवा (होडीचा मालक) पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. त्याने आधी सामान पाहिले, मग पाण्याकडे पाहिले.

"बाय, हे सगलं ऱ्हाऊ दे हितं. चारी मानसा बसा. पानी चाललंय."

"सामान न नेता कसे चालेल? वर काही मिळत नाही."

"सामानाला काय भूक लागत न्हाय. माज्या घरी ठेवतो, सांजच्याला आनतो."

सामान इथे, आम्ही तिथे, आणि मध्ये खाडी, हे माझ्या यादीत बसत नव्हते. होडी लहान होती. मी निर्णय घेतला: सामान आणि आम्ही दोघे पहिल्या खेपेला, कुसुम आणि माधवराव दुसऱ्या खेपेला. "अर्ध्या तासाचे तर काम," मी म्हटले.

नाखवा सामान होडीत चढवू लागला. त्याची बायको गोदी तिथे जाळे उकलत बसली होती, ती म्हणाली, "नेऊ द्या, बाय शिकलेली हाय." तेव्हा मला ते कौतुक वाटले.

फाट्यात शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंना चिपी (खाडीतली खारट झाडे) गुडघाभर मुळांवर उभ्या होत्या आणि त्यांच्या बुंध्यांवर पाणी उतरल्याची ओली रेघ दिसत होती. ती रेघ मी पाहिली. सुंदर वाटली. डोंगराच्या पायथ्याला पोचेपर्यंत होडी दोनदा तळाला घासली. सतरावा नग खाली उतरवला आणि मी नाखव्याला म्हटले, "आता चटकन दुसरी खेप."

तो होडीची दोरी एका झाडाला बांधत होता. मागे पाहिले तर ज्या पाण्यातून आम्ही आलो होतो तिथे काळाशार चिखल होता आणि त्यात खेकडे फिरत होते.

"दुसरी खेप आता सांजच्याला," तो म्हणाला. "भरती आल्याबिगर होडी न्हाय हलायची."

"पण तू आधी सांगितले का नाहीस?"

"सांगलं की. पानी चाललंय म्हनून सांगलं." मग त्याला माझी दया आली असावी. "आज एकादस. अकराचा पाऊनपट किती?"

"सव्वाआठ," मी ताबडतोब म्हटले. लहानपणी शाळेत पाऊणकी घोकलेली, ती अजून जात नाही.

"सव्वाआठाला भरलं. तितनं सहा तास मोज. सव्वादोनाला पार सुकलं. रोज असंच, तिथ घ्यायची न् पाऊनपट करायचा. पंचांग न्हाय काय तुमच्यात?"

पंचांग होते. त्यात मी उपास पाहिला होता, चांदणे पाहिले होते, रॉकेल पाहिले होते. पाऊणकी कशासाठी असते हे चाळीस वर्षांनी कळले, तेही चिखलाच्या काठावर. ह्यांनी तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते.

"बांधावरून वाट नाही का?" मी विचारले.

"हाय, पन मधी कमरेपतुर रेंदा (चिखल). साहेब जातील, बाय न्हाय जायच्या."

"अरे, सगळे खाणे इथे आहे. त्यांच्याजवळ काही नाही."

"माजी बायको हाय तितं. उपाशी न्हाय ठेवायची कुनाला," असे म्हणून तो होडीच्या सावलीत आडवा झाला.

पायथ्याच्या वाडीतले दोन गडी सामान वर घेऊन आले. बंगली मात्र खरोखर चांगली आहे. सागवानी भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे लांब पडवी. पडवीतून खाली भाताची कापलेली खाचरे, त्यापलीकडे फाटा, आणि त्यापलीकडे रेवदंड्याचे माड आणि समुद्र. कपाटात भांडी होती: बारा ताटे, दोन पातेली, किसणीसुद्धा. मी आमची भांडी बाहेर काढलीच नाहीत.

मी नग क्रमांक नऊ काढला. नग नऊ म्हणजे दुर्बीण, पक्षी पाहण्यासाठी आणलेली. बंदराच्या वाळूत कुसुमचे हळदी रंगाचे पातळ ठिपक्याएवढे दिसले. उलट्या घातलेल्या एका होडीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला माधवराव.

"लांब बसलीत," मी म्हटले.

"दुर्बीण ठेव," हे म्हणाले.

मी खिचडी परतली, चौघांची, कारण साबुदाणा चौघांचा भिजवला होता. आम्ही दोघे जेवायला बसलो. कुसुम एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी. तिच्या वाटणीची खिचडी समोर ताटाखाली झाकलेली, आणि ती तिथे उन्हात. दीड वाजता पुन्हा पाहिले, होडी रिकामी होती. दोघेही दिसत नव्हते.

"ती परत गेली असेल," मी म्हटले. "अलिबागची गाडी धरून सरळ घरी. आणि घरून नाशिक. आणि ते एका शब्दाने अडवणार नाहीत."

"किंवा सावलीत गेली असतील."

"तुम्हाला कशाचे काही वाटत नाही."

"वाटते ना," हे म्हणाले. "मला वाटते, तिथे आज निरोप न्यायला तू नाहीस."

मी दुर्बीण डब्यात ठेवली आणि काजू, बदाम, वेलची ह्यांच्या बरण्या फळीवर लावल्या. मग आकारानुसार पुन्हा लावल्या.

साडेचारला आम्ही खाली उतरलो. फाट्यात पाणी येत होते, आवाज न करता, चिखलाच्या सुरकुत्या भरत. पाण्याने होडी उचलताच नाखवा निघाला. साडेसहाला, ऊन गेले होते आणि चंद्र आधीच वर होता, होडी वळणावरून दिसली. तीत दोघे होती. मी काठावर पुढे झाले, पहिला निरोप घ्यायला.

"कुसुम, पाय जपून टाक. चिखल आहे," माधवराव म्हणाले.

"दिसतंय मला," कुसुम म्हणाली, आणि त्यांचा हात धरून उतरली.

मला कोणी काही सांगितले नाही.

हकीकत रात्रीच्या जेवणाला कळली. दोघांनी खिचडी फार थोडी घेतली, तेव्हाच मला शंका आली.

"ताई, रागावू नकोस," कुसुम म्हणाली. "आम्ही जेवलो."

"काय जेवलात?"

"भाकरी."

"आणि?"

"जवळा," माधवराव म्हणाले. "सुका जवळा, कांदा घालून. फार चांगला केला होता."

दुपारी गोदीने दोघांना झोपडीच्या सावलीत नेऊन बसवले होते. भाकऱ्या थापताना तिने कुसुमला विचारले, तुझ्या नवऱ्याला किती भाकऱ्या लागतात. कुसुम म्हणाली, "तुम्हीच विचारा त्यांना." तेव्हा माधवराव गोदीला म्हणाले, "तिला सांगा, दोन." गोदीने हातातले पीठ झटकले.

"ती म्हणाली," कुसुमने तिची नक्कल केली, "मी काय टपाल हाय? तुजा नवरा तुज्या म्होरं बसलाय. तूच इचार. न्हायतर दोगं बी बसा उपाशी."

"मग?"

"मग विचारलं. भूक लागली होती, ताई."

दुसरी भाकरी संपत आली तेव्हा कुसुमच्या लक्षात आले, आज एकादशी आणि पुढ्यात मासळी. ती म्हणाली, "अहो, आपण हे काय केलं?" माधवरावांनी हातातल्या घासाकडे पाहिले, तो खाल्ला, आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस." दीड महिन्यातले ते त्यांचे तिच्याशी पहिले सरळ वाक्य. असल्या गुपितात दोघे एकदा अडकली की बोलावेच लागते, काय सांगायचे ते ठरवायला तरी.

"आणि नाशिक?" मी विचारले.

कुसुमने त्यांच्याकडे पाहिले. माधवरावांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, ते पत्र आल्याचं मला कोणी सांगितलं, आठवतं का?"

"मी. कुसुमने मला सांगितले, मी लगेच तुम्हाला सांगितले."

"तुम्ही दारात उभ्या होतात. हातात यादी होती. तुम्ही वाचलंत: गहू निवडून झाले, आईंचं औषध आणलं, कुसुमला नाशिकला नोकरी लागली, मंगळवारी गॅलरीला रंग. मी वाट पाहत होतो, ती कधी सांगेल म्हणून."

"आणि मी वाट पाहत होते," कुसुम म्हणाली, "ह्यांना कळलंय तर हे कधी विचारतील म्हणून."

आमचे हे उठून पडवीत गेले. खिचडी उरली होती, ती मी पातेल्यात काढून ठेवली. पातेले त्या बंगलीचे होते.

पुढचे तीन दिवस चांगले गेले, म्हणजे मी फारसे काही केले नाही. कुसुम आणि माधवराव रोज सकाळी डोंगराच्या कड्यापर्यंत फिरून येत. एकदा त्यांचे मोठ्याने भांडण ऐकू आले, विषय नाशिकला खोली कोणत्या भागात घ्यावी. मी उठणार होते. ह्यांनी माझ्या पदरावर पाय ठेवला.

परत निघताना मी नाखव्याला तिथीवरून वेळ काढून दाखवली. पौर्णिमा. पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. "अकराच्या आत निघू," मी म्हटले. तो म्हणाला, "बाय आता होडी घेईल वाटतं." त्याला मी आधी माणसे बसवायला सांगितली. ओझे कमी म्हणून सामानातले सहा नग त्याच्याच घरी ठेवले. बरण्यांतला उरलेला सुकामेवा गोदीला दिला, तिने त्याबदल्यात कुसुमच्या पिशवीत जवळ्याची पुडी टाकली आणि "सासूला दाव नको," असे बजावले.

रेवदंड्याच्या टपालपेटीत नाशिकचे पाकीट माधवरावांनी स्वतःच्या हाताने टाकले आणि पेटीवर दोनदा थाप मारून ते आत पडल्याची खात्री केली.

घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे याद्या परत मागितल्या, कलमे तपासून खुणा करायला. कुसुमची प्रत चुरगळलेली होती आणि तिला तेलाचे बोट लागले होते. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने पत्राचा कच्चा मसुदा होता, एकादशीच्या दुपारी गोदीच्या झोपडीत लिहिलेला, कारण दोघांजवळ कागद एवढाच होता. "आपले पत्र पावले. मी जूनपासून रुजू होण्यास तयार आहे." हे कुसुमचे अक्षर. त्याखाली माधवरावांचे, थोडे बारीक: "राहण्याच्या जागेची पाहणी करण्यास यजमान आधी येऊन जातील. दर शनिवारी त्यांचे येणे होईल, तरी खोली दोघांपुरती असावी."

बाकीच्या प्रतींवर मी खुणा करून टाकल्या. ही प्रत फायलीला लावली आहे, पण उलटी.