अण्णा आणि काळा पडदा

एंटर दाबायच्या आधी अण्णा दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत. मग पडद्यावर टाईप केलेला हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचत. वाचून झालं की मान डोलावत आणि मगच एंटर. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक माणूस याला हसायचा, मीही हसलो होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "हसू नको बे. हात कीबोर्डवर असला की डोळ्याच्या आधी पळतंय." अण्णा हयात आहेत, इथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर राहतात, आणि तरी हे सगळं मला भूतकाळात लिहावं लागतंय. त्याला माझा इलाज नाही.

सात रस्ता चौकात, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन शेतकऱ्याच्या मोबाईलवर जातं, गाडीचा नंबर लागला की ड्रायव्हरच्या मोबाईलवर निरोप जातो. हे सगळे निरोप आमच्या एका मशीनमधून जातात. त्यावर जो प्रोग्रॅम चालतो त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात. तो निरोप घेतो, रांगेत लावतो, ज्याचा त्याला देतो आणि समोरून पोच येईपर्यंत स्वतःकडे राखून ठेवतो. हा ब्रोकर अण्णांच्या ताब्यात होता. त्यांच्या गल्लीत कुणीतरी 'अण्णा ब्रोकर लाइनमधले' अशी ओळख करून दिली, तेव्हापासून लोक त्यांना प्लॉटचे भाव विचारत. अण्णा खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नसत. "थांबा की थोडं, उतरतील," म्हणून वाटेला लावत.

ब्रोकर चालवायला रंगीत चित्रांचं एक पानही असतं. रेषा वर जातात, खाली येतात, बटणं दाबता येतात. अण्णांना ते पान आवडत नसे. "चित्रं बघायची तर थेटरला जाऊ की," म्हणत. त्यांचा सगळा कारभार काळ्या पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत. नवी रांग करायची, कुणाला कुठवर जायची मुभा द्यायची, कुठे निरोप तुंबलेत ते बघायचं, सगळं टाईप करून. गावाच्या पूर्वभागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातला माणूस, वडील चादरीच्या मागावर. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, काळ्या पडद्यावर इंग्रजी, आणि तिन्हींत अण्णा सारखेच हळू बोलत.

त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं. नवीन रांग करताना तिला 'टिकाऊ' म्हणून सांगता येतं, म्हणजे मशीन बंद पडून परत सुरू झालं तरी रांग राहते. आमच्यासारख्यांना वाटायचं, झालं काम. अण्णा म्हणत, "रांग टिकाऊ केली म्हणून आतला निरोप टिकत न्हाय. त्याला येगळं सांगावं लागतंय." एकदा वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला. मशीन परत सुरू झालं तेव्हा रांगा जागच्या जागी होत्या आणि एक रांग आतून स्वच्छ रिकामी होती. ती आमच्यापैकी एकाने घाईत केलेली होती. अण्णा रागावले नाहीत. कारखान्यातल्या काट्यावरच्या माणसाला फोन लावून वजनं पुन्हा मागून घेतली आणि म्हणाले, "भांडं ऱ्हायलं, दूध सांडलं."

मालकांनी मात्र एकदा कमाल केली. त्यांना मशीनना नुसते आकडे बरे दिसेनात. त्यांनी सगळ्यांना जिल्ह्यातल्या नद्यांची नावं द्यायचं ठरवलं. भीमा, सीना, नीरा, माण. त्यासाठी पूजेचा नारळही आणला. ब्रोकरच्या मशीनचं नाव 'सीना' ठेवलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि ब्रोकर कोरा करकरीत उठला. ना रांगा, ना निरोप, ना कुणाची मुभा. ऐन गाळपाचा हंगाम. श्रीपूरच्या कारखान्यातून फोन सुरू झाले, यार्डात ट्रॅक्टर उभे, कुणाचा नंबर कुणाला कळेना. मालक नारळ हातात घेऊन उभे, फोडावा की नको. अण्णा जेवत होते, ते भाकरी झाकून आले. काळ्या पडद्यावर थोडं इकडेतिकडे फिरले आणि म्हणाले, "काय गेलं न्हाय साहेब. ह्ये आपला पसारा सोताच्या नावाच्या खोलीत ठेवतंय. तुमी नाव बदललं, त्यानं नवी खोली घेतली. जुनी तशीच हाय की." सेटिंगच्या फाइलीत त्यांनी ब्रोकरचं जुनं नाव लिहिलं, हात मांडीवर ठेवले, हुकूम मोठ्याने वाचला आणि एंटर दाबलं. एकेक रांग परत आली. मालकांनी नारळ फोडला. मशीनवर 'सीना' ही चिठ्ठी अजून आहे, आत ते जुन्या आकड्यानेच नांदतं.

गेल्या हंगामात, दुपारच्या चहानंतर, अण्णा असेच वाचायला बसले. मी शेजारच्या टेबलावर होतो. हुकूम साधाच, रांगांत किती निरोप आहेत ते बघण्याचा. पडद्यावर बरोबर टाईप केलेला होता, मला तो दिसत होता. अण्णा वाचू लागले आणि तोंडातून दुसरंच काहीतरी येऊ लागलं. शब्द नव्हेत, शब्दांचा भुगा. त्यांनी थांबून परत सुरुवात केली. परत तेच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. चुकतंय हे त्यांना कळत होतं, आणि दुरुस्त करायला हाताशी काहीच नव्हतं. आम्ही त्यांना उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. एंटर राहूनच गेलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, बोलण्याच्या जागेला इजा झाली. याला वाचाघात म्हणतात. समजतं सगळं, बोलायला जमत नाही. हळूहळू थोडं येईल, किती येईल ते आज सांगता येणार नाही. मी विचारलं, आम्ही काय करू शकतो? डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. मी बोलत राहिलो. काय बोललो ते मलाच आठवत नाही.

ऑफिसात ब्रोकर माझ्याकडे आला. मला धास्ती होती, दोन दिवसांत सगळं कोलमडेल. तसं काही झालं नाही. अण्णांनी इतकं नीट लावून ठेवलं होतं की निरोप येत राहिले, जात राहिले, गाड्यांचे नंबर लागत राहिले. मालक म्हणाले, "बरं झालं, काही अडलं नाही." मला मात्र वाटायचं, एकदा तरी अडावं. काहीतरी घेऊन त्यांच्याकडे जाता आलं असतं.

तरी रविवारी मी जात असे. अण्णांना बोलणं थोडं थोडं येऊ लागलं होतं, पण फक्त तेलुगू. इंग्रजी पुसलं गेलं, मराठी अडकली. वहिनींशी दोन-तीन शब्द बोलत, पाणी, पंखा, उशी. माझ्याकडे बघून तोंड उघडत आणि मिटत. मग वहिनीच आमच्या दोघांचंही बोलत. "ऑफिसचं कसं चाललंय इचारत्यात," म्हणत. त्यांनी खरंच विचारलं होतं की वहिनींनी मनाने, मला कळायचं नाही. मी सविस्तर सांगायचो.

एका रविवारी मी लॅपटॉप नेला. वाटलं, तोंडाला येत नाही ते बोटांना येईल. मीच उतावळा झालो होतो. काळा पडदा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांचा चेहरा उजळला, वहिनी दारातून बघत उभ्या राहिल्या. उजवा हात लुळा पडला होता, म्हणून अण्णांनी डाव्या हाताने एकेक कळ दाबत टाईप केलं. मग हात बाजूला घेतला आणि बघू लागले. अक्षरांचा एकमेकांशी मेळ लागत नव्हता. त्यांनी सगळं पुसलं. पुन्हा टाईप केलं, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसलं. मी म्हणालो, "राहू द्या अण्णा, होईल हळूहळू." त्यांनी ऐकलं नाही. आणखी एकदा केलं. चूक त्यांना दिसत होती, माझ्याआधी दिसत होती. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला, माझ्याकडे सरकवला आणि मान वळवून वहिनींना तेलुगूत काहीतरी सांगितलं. ते वाक्य पुरं आलं, न अडखळता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

वहिनींनी पदर सारखा केला. "चहा घिऊन जावा म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

मला तेलुगू येत नाही. पण मीही याच गावात लहानाचा मोठा झालोय, गल्लीत तेलुगू पोरांबरोबर खेळलोय. खेळात घ्यायचं नसलं की ती म्हणायची, 'रावद्दु.' येऊ नको. अण्णांच्या वाक्यात तो शब्द होता.

चहा आला. मी तो सगळा प्यालो. वहिनी कप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "येतो," म्हणालो, कारण निघताना दुसरं काय म्हणतात?

त्यानंतर मी गेलो नाही. वहिनींचा अधूनमधून फोन येतो. आता मराठीही जरा जरा येतंय, म्हणतात, परवा भाजीवाल्याशी बोलले. मी म्हणतो, वा, छान झालं. 'मी येऊ का, विचारा ना त्यांना,' एवढंच तर म्हणायचं असतं. फोन ठेवला जातो आणि ते माझ्या तोंडातून निघालेलं नसतं.