पाणी सोडलंस न्हवं?

मी सांगवीत मराठी शिकवते. वाक्प्रचाराचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न वर्षानुवर्षं तपासत आलेय. एकदा ‘पाणी सोडणे’ला एका पोरीनं लिहिलं होतं, ‘बाबांनी उसाला पाणी सोडले.’ मी लाल पेनानं काट मारली आणि सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "अगं बाई, पाणी सोडणे म्हणजे हक्क कायमचा टाकून देणे!" वर्ग हसला. काय तोरा होता माझा!

माझं माहेर पळसदेव. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी सुट्टी टाकून आठ दिवस तिच्यापाशी राहिले. डोळ्यात थेंब घालायचे, भाकऱ्या थापायच्या आणि लाईट आली की उसाची मोटर चालू करायची. भाऊ कामाला म्हणून इंदापूरला गेलेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"आक्का, पाणी सोडलंस न्हवं?"

"सोडलं की! सकाळीच सोडलं."

"मनापासून न्हवं?"

मला हसू आलं. "अरं येड्या, पाणी काय मनाविरुद्ध सोडत्यात व्हय?"

तोही हसला. पलीकडं आणखी कुणीतरी हसलं. फोन स्पीकरवर होता आणि आमचे चुलते, तात्या, शेजारी बसले होते, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, "चल, वारसाच्या कागदावर सही हाय." आईलाही काळा चष्मा लावून गाडीत बसवलं. इंदापूरला कचेरीच्या दारात तात्या आधीच उभे होते. कागद हातात आला आणि मी सवयीनं वाचायला लागले. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडतेय म्हणे. आईचाही वाटा त्यातच. तिचा अंगठा आधीच उठलेला.

"हे काय रं?"

"तूच म्हणालीस की, पाणी सोडलं. तात्या साक्षीला हायेत."

"अरं, उसाला सोडलं!"

तात्या पोट धरून हसले. "मास्तरीणबाई, तुमाला अर्थ आमी सांगायचा व्हय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचे निबंध मी लिहून द्यायचे, त्यानं शब्द हेरून माझ्याच विषयात मला गंडवलं होतं. जमीन मागायला मी कधी गेलेच नव्हते. त्यानं सरळ विचारलं असतं तर कदाचित हसत दिलीही असती. पण विचारायचंसुद्धा त्याच्या जिवावर आलं. मी कागद त्याच्या अंगावर फेकला. "न्हाय करत सही. काय करायचं ते कर जा!"

तो गाडीत जाऊन बसला. आईनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. मला वाटलं, आता ही माझी बाजू घेणार.

"सही कर," ती म्हणाली. "तू जाशील तुज्या घरी. मला त्याच्याच हातचं खाऊन दिवस काढायचंत."

"आई, तुझाबी वाटा गेलाय त्यात."

"ठाव हाय मला. तुला फोन करायच्या आदीच त्यानं माजा अंगठा घेतलाय."

म्हणजे इतके दिवस माझ्या हातून डोळ्यात थेंब घालून घेताना ही बाई सगळं जाणून होती. मी सही केली. लोक म्हणतात, भावानं फसवलं. त्याचा राग येतोच. पण आईचा जास्त येतो, आणि तिच्यावर ओरडायला ती आता नाही.