खरकट्याची बादली

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिच्या हातात डाव आला की समोरच्याला 'पुरे' म्हणायची सोय नसे. सात भावंडांत ती शेंडेफळ. पातेलं तिच्यापर्यंत येईतो डाव नुसता बुडाला खरवडत असे. तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही. म्हणून ताट शिगोशीग भरल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खरकट्याच्या बादलीपाशी बोलावलं. बादलीत भाताचा डोंगर झाला होता.

"मावशी, ही उचलायला रोज दोन माणसं लागतात. वरून पत्र आलंय. शुक्रवारपर्यंत खरकटं निम्मं झालं नाही, तर तुमची चूल बंद. मग बाहेरून डबे येणार."

नमुन्याचा डबा टेबलावर होता. मावशीने उघडला. प्लॅस्टिकचं झाकण, त्याखाली चंदेरी कागद, चमच्याला वेगळी पिशवी, मिठाला आणखी वेगळी.

"घासभर अन्न आणि अंगावर कपडे चार," ती म्हणाली. "हे सोललेलं कुठे टाकणार?"

"ते पुढचं पुढे. आधी तुमची बादली."

मंगळवारी तिने मीठ कमी केलं, बुधवारी भाजी बारीक चिरली. बादली जशीच्या तशी. "कार्टी लाडावलीत," असं घरी येऊन ती धुसफुसली आणि त्या रागात नवऱ्याला दोन डाव जास्तच वाढले. पाणी घेऊन परतली तर तो टेबलाखाली वाकून कुत्र्याला भात भरवत होता.

"हे कधीपासून?"

"कुठल्या कुत्र्यापासून धरायचं? हा तिसरा."

"नको म्हणायला तोंड नव्हतं?"

"लग्नानंतर एकदा म्हटलं होतं. तुझा चेहरा असा पडला, की त्यापेक्षा कुत्रा पाळलेला बरा."

मावशी खुर्चीत बसली आणि हसता हसता तिला उचकी लागली.  मग निमूट ताट पुढे करणारी पोरांची रांग तिच्या डोळ्यांसमोर आली. पोरांकडे शाळेत कुत्रा नव्हता. बादली होती.

नवरा सायकली दुरुस्त करी. त्याने जुन्या डावाचा दांडा कापून त्याला छोटी वाटी जोडून दिली.

गुरुवारी तिने तांदूळ दोन मापं कमी घातले. रांगेतल्या पहिल्या मुलीला विचारलं, "किती?"

मुलीने मागे वळून पाहिलं. प्रश्न दुसऱ्याच कुणाला असावा. मग म्हणाली, "एक."

"लागलं तर परत ये गं."

ती परत आली. मग आणखी अकराजण आले. एक गोलमटोल पोरगा चारदा आला आणि प्रत्येक वेळी मावशीचा चेहरा उजळला. मागून घेतलेल्या भाताची चव पोरांना आवडली होती.

शुक्रवारी मोठ्या बाई स्वतः बादली उचलायला आल्या. रोजच्या अंदाजाने कंबर कसून त्यांनी हिसका दिला आणि बादलीसकट मागच्या तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसल्या. बादलीच्या तळाशी गाजराचे चार तुकडे होते.

"चूल राहिली," त्या पोत्यावरूनच म्हणाल्या.

घरी मावशीने नवऱ्याला विचारलं, "किती?"

त्याने बराच विचार केला. एवढी वर्षं वाट पाहिलेला माणूस, घाई कशाला?

"दोन," तो म्हणाला. "आणि वर थोडंसं."

ताट पुसून लख्ख झालं. टेबलाखालच्या कुत्र्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि पाठ फिरवून दाराशी जाऊन बसला.