एकाच डब्यातल्या दोन टेप

१९७२ च्या खंडेनवमीला टेपसाहेबांनी कारखान्यातल्या टेपच्या दोन्ही प्रतींना ओले हळदकुंकू लावले आणि वर तीर्थ शिंपडले. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मशीन सुरू झाले नाही.

कारखाना नगरच्या औद्योगिक वसाहतीत होता आणि तेथे पंपांचे भाग तयार होत. टेपसाहेबांचे खरे नाव पगारपत्रकावर होते. बोलताना ते कोणी वापरत नसे. त्यांच्या ताब्यातले ड्रिलिंग मशीन परदेशातून आले होते आणि कागदी पट्टीवर चालत असे. कुठे छिद्र पाडायचे, किती खोल, कोणत्या वेगाने, हे सगळे त्या पट्टीवरच्या बारीक भोकांत भरलेले होते. तिला साहेबलोक टेप म्हणत, कामगार पट्टी म्हणत. पट्टी नसली की मशीन म्हणजे रंग दिलेले लोखंड.

टेपसाहेब टेप स्टीलच्या डब्यात ठेवत. डब्याला कुलूप, किल्ली जानव्याला. सकाळी केबिनपासून मशीनपर्यंत ते डबा दोन्ही हातांवर धरून चालत आणि वाटेत कोणी नमस्कार केला तरी मान हलवत नसत. मशीनच्या पॅनेलवर काही आकडे हाताने लावावे लागत. ते लावताना टेपसाहेब पॅनेलला अंग चिकटवून उभे राहत, म्हणजे मागच्या माणसाला फक्त त्यांचा सदरा दिसे. "मशीनला मालक एकच लागतो," असे ते म्हणत. मशीन त्यांच्या मालकीचे नव्हते. ते आकडे त्यांनी कोणालाही सांगितले नाहीत. ते रजेवर गेले की मशीनही रजेवर जाई आणि परत आल्यावर ते त्याचा उल्लेख अभिमानाने करत.

मशीन बसवायला मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने जाताना बजावले होते की टेपची दुसरी प्रत काढा आणि ती वेगळ्या इमारतीत ठेवा. टेपसाहेबांनी दुसरी प्रत काढली आणि त्याच डब्यात ठेवली. मी तेव्हा स्टोअरमध्ये कारकून होतो. ती प्रत स्टोअरच्या कपाटात ठेवावी, असे मी एकदा सुचवले. टेपसाहेब हसले. "अहो, दोन्ही माझ्या नजरेखाली आहेत. याहून सुरक्षित जागा नगरमध्ये दाखवा."

मशीन चालवणारा शेळके मिरजगावचा होता. बोलका, टवाळ, हाताने जलद. त्या दुष्काळात गावची विहीर आटली होती आणि घरची सगळी माणसे त्याच्या पगारावर होती. तो अजून तात्पुरता होता. दिवाळीनंतर कायम करण्याचे तोंडी ठरले होते. टेपसाहेबांना तो आवडत नसे, कारण तो डब्याला "सायबाचं तान्हं" म्हणे.

खंडेनवमीला प्रत्येक खात्यात हत्यारांची आणि मशीनची पूजा होई. लेथला हार, ऐरणीला कुंकू, नारळ, पेढे. लोखंड पुसले की स्वच्छ होते, त्यामुळे कधी काही बिघडले नव्हते. त्या वर्षी टेपसाहेबांनी डबा उघडून पाटावर ठेवला. नारळ मॅनेजरांनी फोडला. तबक माझ्या हातात होते. टेपसाहेबांनी दोन्ही गुंडाळ्यांवर बोटभर ओले हळदकुंकू ओढले, पळीने तीर्थ सोडले, मग झाकण लावून कुलूप घातले.

"सायेब, पट्टीला आंगूळ घातली, आता टॉवेल तरी द्या," शेळके म्हणाला.

लोक हसले. टेपसाहेब हसले नाहीत. "श्रद्धा नसेल तर निदान गप्प राहावं."

सुट्टीनंतर डबा उघडला तेव्हा गुंडाळीचे थर एकमेकांना चिकटले होते आणि भोकांत कुंकू वाळले होते. टेपसाहेबांनी पहिली प्रत शेळकेच्या हातात दिली.

"लाव."

"ही निघायची न्हाई सायेब. फाटंल."

"लाव म्हटलं ना."

ती फाटली. टेपसाहेबांनी दुसरी दिली आणि हळू लावायला सांगितले. तीही फाटली.

चौकशी मॅनेजरांनीच केली. टेपसाहेबांनी लेखी निवेदन दिले की दोन्ही टेप ऑपरेटरच्या हातात असताना फाटल्या. यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना तेवढे पुरेसे वाटले. मी तबक धरून उभा होतो, तेथून जे दिसले ते सांगितले. मॅनेजर म्हणाले, "विषय मशीनचा आहे, पूजेचा नाही." माझे म्हणणे टिपणात घेतले गेले नाही. शेळकेवर निष्काळजीपणाचा ठपका आला.

ठपक्याचा कागद हातात पडल्यावर शेळके टेपसाहेबांच्या केबिनच्या दारात गेला. आत जायला त्याने परवानगी मागितली नाही.

"सायेब, कुंकू तुमी लावलं आन् सुतक मला व्हय?"

टेपसाहेब टेबलावरचा डबा पुसत होते. डबा रिकामा होता. "शेळके, शिस्तीत बोल. देवाधर्माचं नाव मध्ये आणू नकोस."

"देवाचं न्हाई घेत. तुमचंच घेतोय. दिवाळीला घरी काय सांगू, तेवडं सांगा."

"ते प्रशासनाकडे विचार."

प्रशासन म्हणजे तळमजल्यावरची एक खोली होती. तेथे शेळकेला सांगण्यात आले की तात्पुरत्या माणसाला कारण द्यावे लागत नाही.

दिवाळीच्या आधी त्याचे नाव हजेरीतून कमी झाले. मुंबईच्या पुरवठादाराने नवी टेप तयार करून पाठवली. ती येईपर्यंत पंपांची भोके साध्या ड्रिलवर हाताने पाडली गेली. टेपसाहेबांना पुढच्या वर्षी असिस्टंट सुपरिंटेंडेंट करण्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत ते त्याच पदावर राहिले. निरोप समारंभात त्यांच्या काळजीपूर्वक कामाचा गौरव झाला. शाल मॅनेजरांनी घातली.

शेळके १९७३ च्या मार्चमध्ये मिरजगावजवळ रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता.