अष्टमीच्या पुऱ्या
नवरात्रातल्या अष्टमीला कुठूनही तुपात रवा भाजल्याचा वास आला, की मला देवासमधला सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याचा बंगला आठवतो. त्या वर्षी बाबा कामाला होते ती फॅक्टरी बंद पडली होती आणि कन्याभोजनाला मी न् धाकटी बहीण उपाशीच गेलो होतो. शेठाणीनं आमचे पाय धुतले, कुंकू लावलं, हलवा, पुरी, चणे वाढले. जेवता जेवता बहिणीनं दोन पुऱ्या फ्रॉकच्या खिशात सरकवल्या. "किसके लिए, बेटा?" शेठाणीनं हळूच विचारलं. "आईसाठी," ती म्हणाली. शेठाणीनं आत जाऊन डबा भरून आणला. घरी आईनं झाकण उघडलं, थोडा वेळ बघत राहिली, मग परत लावून मला म्हणाली, "जा, देऊन ये. म्हणावं, आईचा उपास आहे." मी तसंच सांगितलं. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. आईचा उपास मात्र त्या वर्षी दसरा उलटला तरी चालूच होता, आणि आमच्या आईएवढं देवाचं कुणीच करत नाही, असं मी मैत्रिणींना सांगत असे. उपास सोडायलाही घरात काहीतरी असावं लागतं, हे मला कळलं तेव्हा आई उरली नव्हती.